घरून शिकायचं, पण गृहपाठाशिवाय: सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी

शाळेतून घरी येणाऱ्या गृहपाठाचं मूळ बहुतेक वेळा तासिकेच्या लांबीत असतं. पस्तीस-चाळीस मिनिटांत चाळीस-पन्नास मुलांसमोर नवा घटक मांडायचा, फळ्यावर दोन उदाहरणं सोडवून दाखवायची, तोवर घंटा होते. सराव उरतो आणि तो दप्तरातून घरी येतो. ज्याला वर्गात कळलेलं असतं त्याचा गृहपाठ वीस मिनिटांत आटोपतो. ज्याला कळलेलं नसतं त्याच्यापुढे तीच गणितं रात्री आठ वाजता येतात आणि तेव्हा शिकवणारं कुणी जवळ नसतं. मग घरात चिडचिड होते, नाहीतर क्लास लावला जातो.

घरून ऑनलाइन शिकताना हा सराव शिकण्याच्या वेळेतच बसवता येतो. गणितं तेवढीच सोडवावी लागतात, कधीकधी शाळेपेक्षा जास्तच. पण अडलं की लगेच विचारता येतं, जे येतंच आहे ते दहादा लिहावं लागत नाही, आणि दुपारी वह्या मिटल्या की त्या दुसऱ्या दिवसापर्यंत मिटलेल्या राहतात. हे जमण्याची अट एकच: आपल्या मुलाला नेमकं काय येतं आणि काय येत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसाला ठाऊक हवं. बाकी ॲप, लॅपटॉप, वेळापत्रक वगैरे गोष्टी त्यानंतरच्या.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठीही केंद्र सरकारच्या शालेय दप्तर धोरणात (२०२०) मर्यादा सांगितलेली आहे. पहिली-दुसरीला गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास आणि नववीपासून पुढे दोन तास. किती शाळा हे पाळतात ते तुमच्या घरातल्या दप्तराकडे पाहून कळेलच. तेव्हा शाळा सोडायची नसेल, फक्त गृहपाठाचा जाच कमी करायचा असेल, तर आधी पालकसभेत हा कागद पुढे करून पाहा. त्यासाठी शाळा सोडण्याइतका मोठा निर्णय घेण्याची गरज नाही.

पुढचं सगळं पाचवी ते आठवीच्या वयाच्या मुलांचा विचार करून लिहिलं आहे. त्याहून लहान मुलांना स्क्रीनसमोर बसवून शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि नववीनंतर परीक्षेचं गणित वेगळं होतं.

आधी कागदपत्रं

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यातल्या कलम १० नुसार पालकांचं कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांना शिक्षा किंवा दंड कायद्यात सांगितलेला नाही, आणि घरून शिकण्याचा वेगळा मार्ग म्हणून तरतूदही केलेली नाही. आज घरून शिकणारी कुटुंबं या मधल्या जागेत आहेत. नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर देताना हे माहीत असलेलं बरं.

याच कायद्याचं कलम ४ मात्र उपयोगाचं आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला परत यायचं असेल तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली आणि सहावी ते आठवीत वयानुरूप प्रवेश घेणाऱ्यासाठी पाचवीची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली. म्हणून पाचवी झाल्याशिवाय शाळा सोडू नका. चौथीत किंवा पाचवीच्या मध्यावर घाईने नाव काढून घेतलं, आणि वर्षभरात बेत बदलला, तर उगाच धावपळ होते.

शाळा सोडल्याचा दाखला हातात घेताना तिथल्या तिथे वाचा. मुलाचं नाव, आईचं नाव, आडनावाचं शुद्धलेखन, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जातीची नोंद. जन्मदाखला आणि आधारवर जे आहे तेच इथे हवं. मूल पटावर असताना दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत जातो. नाव कमी झाल्यावर तीच दुरुस्ती फार किचकट होते, आणि चूक लक्षात येते ती नेमकी दहावीचा फॉर्म भरताना. मागच्या सगळ्या इयत्तांची प्रगतिपुस्तकंही जपून ठेवा.

ज्यांना दरम्यान एखादं सरकारी प्रमाणपत्र हवं वाटतं त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. पाचवीसाठी वयाची दहा वर्षं आणि आठवीसाठी तेरा वर्षं पूर्ण हवीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिच्याकडेही तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष अशा अ, ब, क पातळ्या आहेत.

मूल कुठे आहे ते शोधा

बहुतेक घरांत हीच पायरी गाळली जाते. मूल सहावीत होतं म्हणून सहावीचं पुस्तक उघडलं जातं, आणि पंधरा दिवसांत घरात तेच वातावरण तयार होतं ज्यातून बाहेर पडायला शाळा सोडली होती.

तपासणी वाचनापासून सुरू करा. 'प्रथम' ही १९९० च्या दशकात मुंबईत सुरू झालेली संस्था. तिचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून होतं आणि त्यातली वाचनाची चाचणी एका कागदावर मावते: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ही चाचणी मराठीतही आहे. आपल्या मुलाला याची काय गरज, असं वाटेल. २०२२ च्या असर अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी ४२.८ टक्के होती. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं मराठी वाचन तपासून पाहिलंत तर तिथेही धक्का बसू शकतो. गोष्ट वाचून झाल्यावर ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. भराभर वाचणारी काही मुलं इथे गप्प होतात, आणि तेव्हा कळतं की वाचलेलं डोक्यात उतरत नाही.

मग गणित. असरच्याच कागदावर हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं आहे. त्यात आणखी थोडी भर घालून ही पाच उदाहरणं द्या. ५२ मधून २७ वजा करा. ८३७ ला ४ ने भागा. १/३ मोठा की १/४? ०.५ मोठा की ०.३५? आणि एक शाब्दिक उदाहरण, घरच्या हिशेबातलं.

उत्तरांपेक्षा चुका महत्त्वाच्या. ८३७ ला ४ ने भागून २९ आलं, तर भागाकारातलं शून्य गळलं आहे. बरोबर उत्तर २०९ आणि बाकी १. त्या मुलाला पाढे येतात, भागाकाराची रीतही येते, स्थानिक किंमत कच्ची आहे. पाठोपाठ पन्नास भागाकार देऊन हे सुधारणार नाही. १/४ मोठा असं उत्तर आलं तर मुलाने चार आणि तीन यांची तुलना केली. ०.३५ मोठा म्हणाली तर पस्तीस आणि पाच यांची. दोन्ही चुकांमागे पूर्ण संख्यांचा नियम भलत्या जागी लावला गेला आहे. कागदाची पट्टी घडी घालून किंवा रुपये-पैशांत मांडून अर्ध्या तासात ही गाठ सुटू शकते, पण ती तिथे आहे हे आधी दिसायला हवं. शाब्दिक उदाहरण अडलं तर तुम्ही ते मोठ्याने वाचून दाखवा. तुम्ही वाचल्यावर सुटलं, तर अडचण गणितात नाही, वाचनात आहे.

यानंतर बालभारतीची गणिताची पुस्तकं घ्या, दोन इयत्ता खालच्यापासून. सगळी पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. प्रत्येक सरावसंचातली तीन उदाहरणं निवडा आणि दिवसाला चार-पाच घटक या वेगाने आठवडाभर तपासत जा. एका जाड वहीत घटकांची यादी करून प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: येतं, अडखळतं, येत नाही. गुण देऊ नका. मुलाला 'तू अजून चौथीत आहेस' असं चुकूनही म्हणू नका. कुठल्या गोष्टी पक्क्या करायच्या ते ठरवतोय, एवढं सांगितलं तरी त्याला पुरतं.

आठवड्याच्या शेवटी वहीत बहुधा असं दिसेल: मराठी वाचन सातवीचं, लेखन पाचवीचं, अपूर्णांक चौथीचे, भूमिती सहावीची, इंग्रजी बोलणं उत्तम आणि स्पेलिंग डळमळीत. एकाच मुलाच्या चार-पाच इयत्ता. वैयक्तिक शिक्षण म्हणजे प्रत्येक विषयात त्या त्या पायरीवरून सुरुवात करणं. ॲपच्या जाहिरातीत हा शब्द असतो तेव्हा अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की चुकलं की सोपा प्रश्न येतो आणि बरोबर आलं की कठीण. ते वाईट नाही, पण ८३७ च्या भागाकारात शून्य का गळलं हे ॲपला सहसा कळत नाही. तुम्हाला कळतं, कारण तुम्ही वही पाहिली.

दिवस कसा आखायचा

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० अध्यापन तास ठरवले आहेत. भागून पाहिलं तर दिवसाला साडेचार तासांच्या आसपास होतात. हे अख्ख्या वर्गासाठी: हजेरी, वह्या तपासणं, मागच्या बाकावरचा गोंधळ, सगळं धरून. एकट्या मुलाला तीन ते साडेतीन तास पुरतात. सुरुवातीला याहून जास्त बसवू नका. 'घरी आहे तर जास्त होऊ दे' हा मोह पहिल्या महिन्यात प्रत्येकाला होतो.

सकाळी साडेआठ ते साडेबारा असा वेळ धरा, मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी. सुरुवातीची पंधरा मिनिटं उजळणीची, कागद-पेन्सिलने, कालचं आणि मागच्या आठवड्यातलं. त्यानंतर गणित, कारण डोकं तेव्हा ताजं असतं. गणिताची वेळ अशी वापरा: दहा-बारा मिनिटं नवी गोष्ट, व्हिडिओतून किंवा तुमच्याकडून, मग पंचवीस मिनिटं त्यावरचा सराव, तुम्ही हाकेच्या अंतरावर असताना, शेवटी पाच मिनिटं मुलाने तुम्हाला ती रीत समजावून सांगायची. शाळेत जो गृहपाठ झाला असता तो या मधल्या पंचवीस मिनिटांत होतो. सलग चार उदाहरणं न अडखळता बरोबर आली तर तिथेच थांबा, उरलेली सोडून द्या. तिसऱ्यालाच गाडी अडली तर पुढे ढकलू नका, एक पायरी खाली या.

सुट्टीनंतर भाषा: एक दिवस वाचन आणि चर्चा, एक दिवस लेखन, असं आलटून पालटून. शेवटचा पाऊण तास विज्ञान किंवा परिसराचा. इथे रोज एक विषय न धरता आठवडाभर एकच प्रश्न धरला तर मुलं जास्त रमतात. आपल्या नळाचं पाणी कोणत्या धरणातून येतं, हा पुण्या-नाशकातल्या मुलांना आठवडाभर पुरतो. त्यात नकाशा आहे, गुरुत्वाकर्षण आहे, महापालिका आहे आणि लिटर-घनमीटरचं गणितही.

साडेबारानंतर अभ्यास नाही, आणि या नियमाला अपवाद करू नका. एखादा घटक अर्धा राहिला तर उद्या. संध्याकाळी 'तेवढं एक पूर्ण कर' सुरू झालं की गृहपाठ मागच्या दाराने परत आला म्हणून समजा.

दोघंही नोकरी करत असाल तर हे सकाळचं वेळापत्रक जमणार नाही. मग नव्या घटकाचा आणि शेवटच्या समजावून सांगण्याचा वेळ तेवढा स्वतःकडे ठेवा, सकाळी ऑफिसला निघण्याआधी किंवा संध्याकाळी आल्याबरोबर. मधला सराव आजी-आजोबांच्या किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर होऊ दे. त्यांना बीजगणित येण्याची गरज नाही. मूल मोबाइलवर दुसरंच काही उघडून बसत नाही एवढं पाहणारं आणि मोठ्याने वाचलेलं ऐकणारं माणूस हवं. दिवसभर मूल एकटंच घरी असणार असेल, तर हा मार्ग घेऊ नका. अकरा-बारा वर्षांच्या मुलाकडून एवढी शिस्त अपेक्षिणं अन्यायाचं आहे.

पक्कं झालं हे कसं ओळखायचं

बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये एक निष्कर्ष मांडला होता. एकेकट्या मुलाला शिकवलं आणि एक घटक पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही, तर त्यातलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. नंतरच्या अभ्यासांमध्ये एवढा प्रचंड फरक आढळला नाही, त्यामुळे कुणी हा आकडा दाखवून तुम्हाला कोर्स विकत असेल तर सावध राहा. पण त्यातलं मूळ तत्त्व टिकून आहे: खालची पायरी कच्ची ठेवून वर चढू नये.

पक्कं झालं हे त्याच दिवशी ठरवता येत नाही. आज दहापैकी दहा आले, हे शिकवलेलं ताजं असल्यामुळेही असतं. आठवड्याने, दुसऱ्याच विषयाच्या मधोमध, अचानक त्यातली दोन उदाहरणं द्या. ती आली आणि मुलाने 'असं का' याचं उत्तर दिलं, तरच वहीत 'येतं' लिहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की धडा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने बघितलं तर न बघता आठवण्याचा प्रयत्न केलेले विद्यार्थी पुढे असतात. म्हणजे उजळणी करताना पुस्तक मिटलेलं हवं.

यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाची पेट्यांची पद्धत घरी सहज करता येते. बुटांचं खोकं घ्या, त्यात पुठ्ठा लावून तीन कप्पे करा. पोस्टकार्डाच्या आकाराचे कागद कापून एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर: पाढे, शब्दार्थ, सूत्रं, राजधान्या, समास. पहिला कप्पा रोज, दुसरा आठवड्याने, तिसरा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की परत पहिल्यात. कार्डं मुलानेच लिहायची. सकाळची पंधरा मिनिटं त्यासाठीच ठेवलेली आहेत. हेच काम करणारी ॲपही आहेत, पण सुरुवातीला खोकंच बरं, हातात धरता येतं आणि चार्ज करावं लागत नाही.

साधनं

फार गोळा करू नका. गणितासाठी खान अकादमी हे संकेतस्थळ फुकट आहे, इंग्रजी आणि हिंदीत. तिथे प्रत्येक कौशल्याची पातळी वाढत जाते आणि घटक चाचणीत चुकलं तर खालीही येते, हे मला आवडतं. मात्र पर्याय निवडायच्या प्रश्नांत चारपैकी एक ठोकून दिलं तरी चारात एकदा बरोबर येतं. म्हणून सोडवलेलं वहीत दिसलंच पाहिजे हा नियम करा. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड केंद्र सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर काही व्हिडिओ उत्तम आहेत, काही नुसते धडा वाचून दाखवतात. आधी तुम्ही बघा, मग मुलाला द्या.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे स्क्रीनवर करून पाहायचे प्रयोग: विद्युत मंडल जोडून पाहा, लंबकाची दोरी लांबवून पाहा. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत. भूमितीसाठी जिओजेब्रा, ज्यात आकृत्या काढून त्या हलवून पाहता येतात. पुण्याच्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायच्या शेकडो प्रयोगखेळण्यांच्या कृती आणि मराठी पुस्तकं आहेत, आणि ते स्क्रीनपासून उठवण्याचं सर्वांत चांगलं औषध आहे. वाचनाची गोडी लावायची असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत.

मोबाइलवर शिकवणं टाळा, जुना लॅपटॉप चालेल. वीज जाणाऱ्या गावात असाल तर आठवड्याचे धडे रविवारी उतरवून ठेवा आणि सरावसंच छापून घ्या. साडेतीन तासांतला निम्म्याहून जास्त वेळ स्क्रीनवर जात असेल तर वेळापत्रक पुन्हा बघा.

हाताने लिहिणं

ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांची सगळ्यांत मोठी उणीव इथे दिसते. बोलतात छान, समजतं सगळं, आणि पानभर लिहायला सांगितलं की हात दुखतो. दहावीची परीक्षा कुठल्याही मंडळाची दिली तरी दोन-तीन तास पेनाने लिहावं लागतं. म्हणून पाचवी-सहावीपासून आठवड्याला दोनदा वीस मिनिटं सलग लेखन ठेवा, आणि वर्षागणिक वेळ वाढवा. विषय मुलाने निवडलेला असला तर उत्तम. शुद्धलेखनाच्या चुका त्याच जागी लाल करू नका, त्यातल्या तीन निवडून कार्डांच्या खोक्यात टाका. आठवीपर्यंत तासभर न थांबता लिहिता यायला हवं.

मित्रांचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. संध्याकाळी मैदान, सुट्टीत शिबिर, गावातलं वाचनालय, एखादी तबल्याची किंवा पोहण्याची शिकवणी. साडेबाराला मोकळं झालेल्या मुलाकडे यासाठी वेळच वेळ असतो. तुमच्या इमारतीत किंवा आळीत त्याच्या वयाची मुलंच नसतील तर मात्र ही अडचण खरी आहे, आणि ती व्हिडिओ कॉलने सुटत नाही.

ऑनलाइन शाळेत नाव घालायचं असेल तर

स्वतः सगळं बघणं शक्य नसलेले पालक खासगी ऑनलाइन शाळेकडे वळतात. तिथे फी भरण्याआधी हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर कोणत्या मंडळाचं नाव असेल? सीबीएसईच्या संलग्नतेसाठी शाळेकडे मालकीची किंवा भाडेपट्ट्याची जमीन आणि त्यावर इमारत लागते, त्यामुळे पूर्णपणे ऑनलाइन चालणारी खासगी शाळा 'सीबीएसई अभ्यासक्रम' म्हणाली तर तो अभ्यासक्रम असेल, संलग्नता नव्हे. परीक्षेला मूल एनआयओएसमधून बसणार, परदेशी मंडळाची खासगी परीक्षा देणार की कुठल्या शाळेच्या पटावर नाव ठेवणार, ते स्पष्ट झालंच पाहिजे. 'ते आम्ही बघू, काळजी करू नका' हे उत्तर चालणार नाही.

मग विचारा: एका वर्गात किती मुलं? घटक न कळल्यास मुलाला थांबता येतं का, की महिना संपला की सगळी पुढे? 'गृहपाठ नाही' म्हणता, तर सराव कधी होतो? या शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर देणारी शाळा सापडली तर तिथे आठवडाभर बसून बघा. सराव कधीच होत नाही आणि परीक्षेआधी वर्कशीटचा गठ्ठा येतो, असं निघालं तर तो पसारा तुम्हालाच निस्तरावा लागेल. फी वर्षाची एकदम भरू नका.

दहावीकडे जाताना

दोन वाटा जास्त वापरात आहेत. एक म्हणजे राज्य मंडळाला खासगी विद्यार्थी म्हणून बसणं, ज्याला सगळे सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. अभ्यासक्रम बालभारतीचाच, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये इतर मुलांसोबतच, आणि अंतर्गत गुणांसाठी नेमून दिलेल्या शाळेशी संपर्क ठेवावा लागतो. अकरावीला गावातल्याच महाविद्यालयात जायचं असेल तर ही वाट ओळखीची वाटते.

दुसरी एनआयओएस. १९८९ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था, पुण्याला प्रादेशिक केंद्र आहे, आखातातल्या मराठी कुटुंबांसाठी तिकडेही केंद्रं आहेत. दहावीसाठी किमान वय १४. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा, आणि दहावीला मराठी माध्यमही मिळतं. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा. प्रवेश पाच वर्षं टिकतो आणि त्यात नऊ संधी असतात. विषय एकेक करून काढता येतात, म्हणजे गणितात पुढे असलेली मुलगी ते आधी देऊन टाकू शकते आणि विज्ञान सहा महिन्यांनी. वैयक्तिक गतीने शिकलेल्या मुलाला ही रचना जास्त जुळते, म्हणून मी स्वतः हिच्याच बाजूचा आहे.

गंमत अशी की इथे गृहपाठ आहे. टीएमए नावाचे स्वाध्याय प्रत्येक विषयात लिहून सादर करावे लागतात आणि त्यांना वीस टक्के भार असतो. गृहपाठ नको म्हणून आलेले पालक नेमके याच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात आणि मुलाचे हातचे गुण जातात. सादर करायची मुदत प्रवेश घेतला त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा आणि हे स्वाध्याय सकाळच्या लेखनाच्या वेळेत, महिन्याला एक विषय असे उरकून टाका. विज्ञानाला प्रात्यक्षिक परीक्षाही असते, त्यासाठी नेमून दिलेल्या अभ्यास केंद्रावर जावं लागतं. घरी फेटवर कितीही मंडलं जोडली असली तरी खऱ्या परीक्षानळ्या आणि बर्नर हाताळलेले असायला हवेत, म्हणून केंद्रावरचा एकही प्रात्यक्षिक वर्ग चुकवू नका.

डॉक्टर व्हायचं म्हटलं तर मुक्त विद्यालयाची बारावी चालते का, हा वाद बरीच वर्षं न्यायालयात होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो मिटला आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांचे विद्यार्थी नीटला पात्र ठरले. अकरावीला महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात जायचं असेल तर प्रवेश ऑनलाइन फेऱ्यांतून होतो आणि एनआयओएसच्या मुलांना इतर मंडळांचे विद्यार्थी म्हणून अर्ज करावा लागतो. गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र वेळेत हातात पडलं पाहिजे, त्यामुळे ऑक्टोबरऐवजी एप्रिलच्या परीक्षेत शेवटचा विषय संपेल असा बेत करा, आणि गणित किंवा विज्ञान अडण्याची शक्यता वाटत असेल तर ते आदल्या ऑक्टोबरलाच देऊन पाहा.